डोक्यावरचा वारंवार मार आणि मेंदूची छायाचित्रे



डोक्याला मार लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "रक्त आले का?" रक्त आले नसेल तर हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो. अलीकडे दुसरा प्रश्न आला आहे, "स्कॅन काढला का?" स्कॅनमध्ये काही निघाले नाही की घरची मंडळी निर्धास्त होतात. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण अपुरे आहेत. एकदाच बसलेल्या जबर माराविषयी स्कॅन पुष्कळ काही सांगतो. वर्षानुवर्षे थोडाथोडा बसत गेलेला मार मात्र मेंदूत काय करून ठेवतो, हे जिवंत माणसात नक्की दाखवील असे यंत्र आजही नाही. ते का नाही, संशोधन कुठवर आले आहे, आणि तोवर आपण काय करावे, हे ह्या लेखात आम्ही क्रमाने सांगणार आहोत.

मेंदूला मार कसा बसतो

माणसाचा मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. तो नुकत्याच विरजलेल्या दह्यासारखा मऊ असून कवटीच्या आत पातळ पाण्यासारख्या द्रवात राहतो. दह्याचे मडके बैलगाडीतून खाचखळग्यांच्या वाटेने न्या. मडक्याला तडा जात नाही, पण आतले दही मोडते. मेंदूचे तसेच आहे. कवटी शाबूत राहते, कातडीवर ओरखडाही नसतो, तरी आतला मेंदू झटक्याने हलतो, पिळला जातो आणि त्यातील बारीक मज्जातंतू ताणले जातात.

ह्या मज्जातंतूंच्या आत अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांना बांधून धरणारे एक प्रथिन आहे, त्याचे नाव टाऊ. वेलीच्या मांडवाच्या काठ्या सुतळीने बांधलेल्या असतात, तसे टाऊचे काम समजा. वारंवार हिसके बसले की ही सुतळी सुटते आणि तिचे गुंते होऊन पेशीत साचतात. साचलेले गुंते पेशी मारतात. हे एका दिवसात होत नाही. मार थांबल्यावरही पुढे कित्येक वर्षे रोग आतल्या आत वाढू शकतो. ह्या रोगाला डॉक्टर 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' म्हणतात. थोडक्यात नाव सी.टी.ई. आपण त्याला वारंवार मारामुळे होणारा मेंदूचा जुनाट रोग म्हणू.

चिडचिड, राग आवरता न येणे, उदासी, विसराळूपणा, कामाचा क्रम न जुळणे आणि पुढे पूर्ण स्मृतिभ्रंश, अशी त्याची लक्षणे आहेत. काहींचे बोलणे जड होते, चाल अडखळते.

मुष्टियोद्ध्यांपासून सुरुवात

ही गोष्ट प्रथम मुष्टियुद्धाच्या आखाड्यात लक्षात आली. १९२८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले डॉ. हॅरिसन मार्टलँड ह्यांनी लिहिले की काही मुष्टियोद्धे दारू न पिताही दारुड्यासारखे झोकांड्या खात चालतात, आणि ह्याचे कारण डोक्यावरचे ठोसे असावेत. पुढे ब्रिटनमध्ये डॉ. रॉबर्ट्स ह्यांनी निवृत्त व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड करून २२४ जणांना तपासले. १९६९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की त्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांच्या मेंदूला व मज्जासंस्थेला इजा झालेली आहे. ज्याने जास्त लढती दिल्या, त्याला धोका जास्त होता.

१९७३ साली डॉ. कॉर्सेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मरण पावलेल्या १५ मुष्टियोद्ध्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. आत गुंते दिसले. शिवाय मेंदूच्या मधोमध असलेला पातळ पडदा बऱ्याच जणांत फाटलेला किंवा दुभंगलेला होता. हा पडदा पुढे स्कॅनमध्येही दिसू लागला, म्हणून ही नोंद महत्त्वाची ठरली.

अमेरिकन फुटबॉलचा धडा

पुढची कथा अमेरिकन फुटबॉलची आहे. तो आपला फुटबॉल नव्हे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि शिरस्त्राण घातलेले धिप्पाड खेळाडू एकमेकांवर आदळतात. माइक वेब्स्टर हे पिट्सबर्गच्या संघातील नामांकित खेळाडू २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारले. अखेरच्या वर्षांत त्यांच्या मनाची व संसाराची पार वाताहत झाली होती. नायजेरियातून आलेले डॉ. बेनेट ओमालू ह्यांनी त्यांचे शवविच्छेदन केले. मेंदू वरून साधारण दिसत होता, पण त्यांनी पातळ काप काढून रंगवून पाहिले तेव्हा टाऊचे गुंते आढळले. ही नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. वरून साधारण दिसणारा मेंदू आतून रोगी असू शकतो, ही ह्या घटनेतली मुख्य शिकवण आहे. मेंदू प्रत्यक्ष हातात घेऊन जे दिसले नाही, ते बाहेरून काढलेल्या छायाचित्रात दिसणे किती कठीण, हे त्यावरून समजावे.

त्यानंतर बोस्टन विद्यापीठात डॉ. अॅन मकी ह्यांनी कुटुंबांनी दान केलेले मेंदू तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०२ खेळाडूंपैकी १७७ जणांत हा रोग सापडला. वरच्या व्यावसायिक गटातील १११ पैकी ११० जणांत तो होता. हे आकडे वाचून घाबरू नये. रोगाची लक्षणे दिसली म्हणूनच बहुतेक कुटुंबांनी मेंदू दिला होता. शेतकरी कृषी कार्यालयात रोग पडलेलीच पाने घेऊन जातो. त्या पानांवरून गावातल्या सगळ्या शेतांवर रोग पडला असे कोणी म्हणत नाही. तरीही ह्या पानांतून रोगाची ओळख पटते, आणि तेच महत्त्वाचे.

त्याच संशोधकांनी पुढे २६६ मेंदूंवरून हिशेब केला. खेळाची साधारण २.६ वर्षे वाढली की रोग असण्याची शक्यता दुप्पट होत होती. बेशुद्ध पडावे असा मोठा मार किती वेळा बसला ह्यापेक्षा, लहानमोठ्या धडका किती वर्षे बसत राहिल्या, हे अधिक मोलाचे ठरले.

मृत्यूनंतर मेंदू देणाऱ्या ह्या कुटुंबांमुळेच एवढे ज्ञान मिळाले. अवयवदान हे उदात्त कृत्य आहे अशीच ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे.

कोणते यंत्र काय पाहते

सी.टी. स्कॅन. हा क्ष-किरणांचा स्कॅन. १९७१ साली लंडनमध्ये प्रथम एका रुग्णाच्या डोक्याचा असा स्कॅन काढला गेला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांनी हे यंत्र बनवले आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कवटी फुटली का, आत रक्त साचले का, मेंदू सुजला का, हे सी.टी. काही मिनिटांत दाखवतो. अपघातात त्याच्याइतके उपयोगी दुसरे यंत्र नाही. पण ताणलेला मज्जातंतू त्याला दिसत नाही.

एम.आर.आय. ह्यात क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. मऊ भाग त्यात अधिक स्वच्छ दिसतात. मेंदूचा आकार कमी झाला का, मधला पडदा दुभंगला का, जुन्या बारीक रक्तस्रावांचे लोहाचे डाग राहिले का, हे कळू शकते. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगणे जरूर आहे.

एम.आर.आय.ची एक विशेष पद्धत. हिला डिफ्यूजन टेन्सर पद्धत म्हणतात. उसाला पाणी सोडले की ते सरीतून पुढे जाते, कारण बाजूला वरंबा असतो. वरंबा फुटला की पाणी आडवे पसरते. मेंदूतील पाण्याचे कणही निरोगी मज्जातंतूच्या दिशेने अधिक सरकतात. तंतू बिघडला की ते कसेही पसरतात. हा फरक यंत्र मोजते. शंभर खेळाडूंची सरासरी शंभर निरोगी माणसांशी ताडून पाहताना ही पद्धत उपयोगी पडते. एकट्या माणसाकडे बोट दाखवून निदान करायला ती अजून पुरी पडत नाही, कारण वय, रक्तदाब आणि दारू ह्यांनीही असाच फरक पडतो.

पेट स्कॅन. ह्यात किंचित किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ते ज्या पदार्थाला चिकटते तो पदार्थ मेंदूत कुठे आहे हे यंत्र टिपते. टाऊला चिकटणारे औषध मिळाले, तर जिवंतपणीच रोग दिसेल, ही सर्वांत मोठी आशा आहे.

आशा कुठवर खरी ठरली

२०१३ साली अमेरिकेत पाच निवृत्त खेळाडूंवर असे एक औषध वापरून पाहिले आणि मोठी बातमी झाली. त्या औषधाने तपासलेला एक खेळाडू पुढे वारला, आणि त्याच्या मेंदूत रोग खरोखरच सापडला. पण हा एकाच माणसाचा दाखला होता. शिवाय ते औषध टाऊखेरीज इतर पदार्थांनाही चिकटते. सुरक्षित व खात्रीची तपासणी म्हणून त्याची जाहिरात होऊ लागली तेव्हा, २०१५ साली, अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने संबंधितांना ताकीद दिली.

२०१९ साली अधिक काळजीपूर्वक केलेले काम प्रसिद्ध झाले. डॉ. रॉबर्ट स्टर्न ह्यांच्या गटाने लक्षणे असलेल्या २६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना ३१ निरोगी पुरुषांशी केली. खेळाडूंच्या मेंदूच्या ठरावीक भागांत टाऊचे प्रमाण सरासरीने जास्त दिसले. जितकी वर्षे खेळ, तितके ते जास्त. परंतु स्मरणशक्तीच्या परीक्षेतील गुणांशी त्याचा मेळ बसला नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळत होते. म्हणून अमुक एका माणसाला रोग आहे की नाही हे त्यावरून ठरवता येत नाही, असे त्या संशोधकांनीच बजावले.

त्याच वर्षी ह्याचे एक कारणही पुढे आले. केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की ह्या रोगातले टाऊचे धागे अल्झायमर रोगातल्या धाग्यांपेक्षा वेगळ्या घडीचे असतात. पेट स्कॅनचे औषध अल्झायमरच्या धाग्यांसाठी बनवलेले होते. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपात कशीबशी शिरते, पण फिरत नाही, तसाच हा प्रकार. २०२० साली अमेरिकेत ते औषध अल्झायमरच्या तपासणीसाठी मान्य झाले, तेव्हा मारामुळे होणाऱ्या ह्या रोगासाठी ते नाही, असे स्पष्ट लिहिले गेले.

दुसरी अडचण जागेची आहे. हे गुंते प्रथम मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती धरतात. इतके लहान डाग यंत्राच्या चित्रात पुसट होऊन जातात. तिसरी अडचण अशी की म्हातारपणी अनेक रोग एकाच मेंदूत एकत्र नांदतात.

म्हणून आजही पक्के निदान मृत्यूनंतरच होते. जिवंत माणसाच्या बाबतीत डॉक्टर मार किती वर्षे बसला ह्याची हकीकत, लक्षणे, परीक्षा आणि स्कॅन हे सारे जुळवून फक्त 'शक्यता' सांगतात. नव्या औषधांवर आणि रक्ततपासणीवर काम चालू आहे. कोणी पैसे घेऊन "स्कॅनमध्ये नक्की दाखवून देतो" म्हणाले, तर त्यासाठी म्हैस विकू नये.

आपल्याशी ह्याचा संबंध

आपल्याकडे अमेरिकन फुटबॉल नाही, पण फुटबॉल आहे. गोव्यात तो १८८३ साली फादर विल्यम लायन्स ह्यांनी शिवोलीला आणला असे सांगितले जाते. आज चर्चच्या मैदानावर फेस्ताचे सामने होतात, आणि ते व्हावेतच. पण चेंडू डोक्याने मारण्याचा हिशेब ठेवला पाहिजे. इंग्लंडचे जेफ अॅस्टल डोक्याने गोल करण्यात पटाईत होते. ते २००२ साली ५९व्या वर्षी वारले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण 'व्यवसायजन्य रोग' असे नोंदवले. २०१४ साली त्यांचा मेंदू पुन्हा तपासला तेव्हा हाच रोग निघाला. २०१९ साली स्कॉटलंडमध्ये ७६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची तुलना तशाच २३,०२८ माणसांशी केली. मेंदू झिजवणाऱ्या रोगांनी मरण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट होते. मृत्यूचे मुख्य कारण म्हणून अशा रोगाची नोंद खेळाडूंत १.७ टक्के आणि इतरांत ०.५ टक्के होती. धोका खरा आहे, पण प्रत्येकाच्या वाट्याला येणारा नाही. खेळाडूंत हृदयरोगाने होणारे मृत्यू कमीच होते. तेव्हा मुलांचा खेळ बंद करू नये, डोक्यावरचा मार कमी करावा. अमेरिकेत २०१५ पासून १० वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारू देत नाहीत. इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये २०२० पासून ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना सरावात ते शिकवत नाहीत. आपल्या मैदानावर हा नियम लावायला एक पैसाही लागत नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट घरातली आहे. १९९० साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात एका ब्रिटिश स्त्रीची नोंद आली. नवऱ्याने तिला वर्षानुवर्षे मारले होते. म्हातारपणी तिला स्मृतिभ्रंश झाला, आणि मृत्यूनंतर तिच्या मेंदूत मुष्टियोद्ध्याच्या मेंदूसारखे गुंते सापडले. मुष्टियोद्धा स्वखुशीने आखाड्यात उतरतो, ठोशाला ठोसा देतो आणि घंटा वाजली की सुटतो. त्या बाईला कोण सोडवणार होते? बायकोच्या किंवा मुलाच्या डोक्यात मारलेली चापट, भिंतीवर आदळलेले डोके, केस धरून दिलेले हिसके, ह्यांची खूण उद्या राहत नाही, पण मेंदू हिशेब ठेवतो. हा घरचा मामला म्हणून शेजाऱ्यांनी आणि आम्हीही गप्प बसणे बरे नाही. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हा दूरध्वनी आहे.

फिट्स येणारा माणूस वारंवार डोक्यावर पडतो, त्याच्याही मेंदूला अशी इजा होऊ शकते. फिट्सच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत. दारूच्या नशेत रोज पडणाऱ्याचीही तीच गत.

मग स्कॅन केव्हा काढावा?

स्कॅन निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. पुढील वेळी तो जीव वाचवतो, आणि उशीर करू नये.

माडावरून, झाडावरून, ट्रॅक्टरवरून किंवा दुचाकीवरून पडल्यावर किंवा बैलाने उडवल्यावर पुन्हा पुन्हा ओकारी होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे, फिट येणे, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, एक हातपाय लुळा पडणे, बोलणे असंबद्ध होणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर १०८ला फोन करून थेट सी.टी. असलेल्या रुग्णालयात न्यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला लक्षणांची वाट न पाहता न्यावे.

वयस्कर माणूस किरकोळ पडतो, आणि दोनचार आठवड्यांनी विसरू लागतो, झोपाळू होतो, पाय ओढतो. "वय झाले" म्हणून आपण सोडून देतो. पुष्कळदा कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेले असते. सी.टी.मध्ये ते स्पष्ट दिसते आणि लहानशा शस्त्रक्रियेने काढता येते. खाटेला खिळलेले आजोबा पुन्हा चालू लागतात.

विसराळूपणा आणि चिडचिड वाढली, तर पूर्वीच्या मारालाच दोष देऊन बसू नये. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासीचा आजार आणि दारू ह्यांनीही तसेच होते, आणि त्यांवर उपाय आहेत. हे रोग शोधणे किंवा बाजूला काढणे, हेच तपासणीचे मोठे काम.

लक्षात ठेवा

१. स्कॅन चांगला आला म्हणजे मेंदूला काहीच झाले नाही, असे नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की आत रक्तस्राव किंवा मोडतोड दिसली नाही.

२. डोक्याला मार लागून चक्कर, गोंधळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी खेळ बंद, झाडावर चढणे बंद, गाडी चालवणे बंद. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर, क्वचित का होईना, तरुण मुलगाही दगावू शकतो.

३. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू काम. ब्रिटनमध्ये २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे हौशी खेळाडू असा मार लागल्यावर किमान २१ दिवस सामन्यात उतरत नाही.

४. दुचाकीवर हेल्मेट घालाच. ते कवटी वाचवते, जीव वाचवते. मेंदूचे हलणे मात्र ते पूर्ण थांबवत नाही, म्हणून हेल्मेट आहे म्हणून बेफिकिरी नको.

५. कोणाला, केव्हा, कसा मार लागला, ह्याची तारखेसह नोंद वहीत ठेवा. डॉक्टरांना ती पुष्कळदा स्कॅनइतकीच उपयोगी पडते.

६. मेलेली पेशी परत येत नाही, आणि ह्या रोगावर अजून औषध नाही. टाळलेला मार हाच आज आपल्या हातातला उपाय आहे.